गाडी सेल्फ जास्त का घेते?

छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे निघालेला धुळे–सोलापूर महामार्ग आडूळ, पाचोड ही गावे मागे टाकून अंबड तालुक्यात शिरतो आणि शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडण्यापूर्वी ज्या ठिकाणी त्याला जालना-अंबडकडचा रस्ता येऊन मिळतो, ते गाव वडीगोद्री. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढविले, कापूस आणि मोसंबी यांचीही येथे वहिवाट आहे. त्यामुळे दिवाळी सरली की या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची, मालाच्या पिकअप गाड्यांची आणि तुळजापूर-सोलापूरकडे जाणाऱ्या प्रवासी मोटारींची वर्दळ सुरू होते. अशा हंगामात, पारा दहा-बारा अंशांवर उतरलेल्या एखाद्या पहाटे, रात्रभर उघड्यावर दंव खात उभी राहिलेली मोटार, जी पावसाळ्यात किल्ली फिरवताच सुरू होत असे, ती चार-पाच सेकंद नुसती घरघरत राहते, आणि मग मालक फिटरकडे जाऊन सांगतो की गाडी हल्ली सेल्फ जास्त घेते. या एका वाक्यावर पुष्कळदा बॅटरी बदलली जाते, चार दिवस बरे जातात, आणि पाचव्या दिवशी तीच तक्रार नव्या बॅटरीनिशी परत येते.

या तक्रारीचे शब्द एकच असले तरी तिच्या मुळाशी परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले अनेक दोष असू शकतात. आणि त्यांपैकी कोणता दोष आहे हे इंजिन त्या चार-पाच सेकंदांतच, कान आणि डोळे उघडे ठेवणाऱ्याला, बऱ्याच अंशी सांगून टाकते. ती साक्ष नोंदविण्यापूर्वी सामान बदलणे म्हणजे शहानिशा न करता फैसला देणे होय. गाडी ही ज्याच्या पोटापाण्याचे साधन आहे, त्याचे यात दुहेरी नुकसान होते, कारण पैसेही जातात आणि दोषही जागच्या जागी राहतो.

निरोगी इंजिन सुरू होताना काय घडते, ते आधी पाहू. 1912 च्या कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर बसविला, तोपर्यंत पुढच्या बाजूने हँडल मारून माणसालाच जे काम करावे लागत असे, ते काम आता सेल्फ करतो. म्हणजे बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर अथवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढून तो इंजिनाला मिनिटाला सुमारे दोनशे फेऱ्यांच्या गतीने फिरवितो. दोनशे फेऱ्या म्हणजे सेकंदाला तीनांहून थोड्या अधिक. आणि चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडराची पाळी एकदा येत असल्यामुळे, अवघ्या सहा-दशांश सेकंदात चारही सिलिंडरांना आपापली संधी मिळून जाते. तेवढ्याच अवधीत गाडीतला संगणक क्रँकच्या दातेरी चक्रावरील मुद्दाम मोकळी सोडलेली जागा हुडकून पिस्टन कोठे आहेत हे ताडतो, नळीतील इंधन आवश्यक त्या दाबाने तयार असते, ठिणगी अथवा तापलेली हवा आपले काम करते आणि सेकंद-दीड सेकंदात इंजिन आपल्या बळावर फिरू लागते. याहून अधिक वेळ लागत असेल तर पुरेशी गती, योग्य प्रमाणात इंधन, योग्य क्षणी प्रज्वलन आणि सिलिंडरातील दाब यांपैकी कोणीतरी उशिरा हजर होत आहे, एवढे निश्चित समजावे.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरते कसे: सुस्तपणे, दम लागल्यासारखे, की नेहमीच्याच चपळाईने? सुस्त फिरत असेल तर दोष विजेच्या बाजूस किंवा घर्षणाच्या बाजूस शोधावा. चपळ फिरूनही पेट घेत नसेल तर बॅटरीच्या वाटेस जाण्याचे प्रयोजनच नाही. हा एक भेद केला की निम्मा गोंधळ मिटतो, आणि तो करण्यास एका पैचाही खर्च नाही.

सुस्त फिरणाऱ्या इंजिनाचा विचार करताना मराठवाड्यातील हवामानाचा एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते हे खरे, परंतु आपल्याकडची थंडी बॅटरी मारण्याइतकी तीव्र नाही. तिला मारतो तो वैशाखातला उन्हाळा. चाळीस अंशांवरच्या उष्णतेत, त्यातही बॉनेटखालच्या भट्टीत, शिशाच्या जाळ्या झपाट्याने झिजतात आणि पाणी आटते. पण उन्हाळ्यात इंजिन हलके फिरत असल्यामुळे ती दुर्बलता झाकली जाते आणि मार्गशीर्ष-पौषात उघडी पडते. दोष मे महिन्यात झालेला आणि तक्रार डिसेंबरातली, असा हा प्रकार आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू करण्यापूर्वी, मल्टिमीटरने बॅटरीचा दाब मोजावा. 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली, 12.4 च्या आसपास असली तर पाऊण, आणि 12 वर उतरली असेल तर जवळजवळ रिकामी समजावी. मग एकाने किल्ली फिरवावी व दुसऱ्याने मीटर पाहावे: सेल्फ फिरत असताना दाब साधारण साडेनऊ व्होल्टांच्या खाली कोसळला तर बॅटरी एकतर भरलेली नाही, नाहीतर थकली आहे. भरलेली नसेल तर का नाही, याचा तपास निराळा; इंजिन चालू असताना टर्मिनलांवर सुमारे 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळत नसतील, तर अपराधी बॅटरी नव्हे, ती भरणारा अल्टरनेटर आहे.

दाब चांगला असूनही सेल्फ रेंगाळत असेल, तर ज्या मार्गाने वीज जाते त्या मार्गाची चौकशी करावी, कारण माझ्या मते सर्वाधिक नव्या बॅटऱ्या याच ठिकाणी वाया जातात. टर्मिनलावर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी, सैल झालेला क्लॅम्प, बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीखाली धरलेला गंज, यांनी निर्माण होणारा रोध कितीसा असणार, असे वाटते. पण तो एका ओहमाचा केवळ शंभरावा भाग असला, तरी दीडशे अँपिअरांच्या प्रवाहात तो दीड व्होल्ट गिळून टाकतो, आणि बाराचे साडेदहा झालेले व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतात. दिव्याला एवढ्या रोधाची झळ लागत नाही, म्हणून हेडलाइट लख्ख पडतो आणि मालकाची खातरजमा होते की वीज ठीक आहे. खरी परीक्षा अशी: मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवावी, दुसरी त्या खुंटीवर बसविलेल्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारावा, दोहोंत बोटभरही अंतर नाही, तरी तेथे अर्धा व्होल्ट दिसला तर दोष तेथेच आहे. याच रीतीने ऋण खुंटीपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत मोजले असता 0.2 व्होल्टांहून अधिक घट दिसता कामा नये. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुणे, पॉलिश पेपरने चकाकी आणणे आणि नट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरविणे, एवढ्यावर पुष्कळ गाड्या पूर्ववत होतात.

रात्री उभ्या गाडीतून वीज झिरपण्याचाही एक प्रकार आहे. घड्याळ, कुलूप, संगणक यांसाठी तीस ते पन्नास मिलिअँपिअर जाणे साहजिक आहे; परंतु मागाहून बसविलेला टेप, जीपीएस अथवा सायरन अर्धा अँपिअर ओढत असेल तर दिवसाला बारा अँपिअर-तास जातात, आणि लहान मोटारीची पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत आडवी होते. ज्यांची गाडी आठवड्याच्या बाजारापुरती, दोन-चार किलोमीटर चालते, त्यांची गाडी तर बॅटरीतून खर्ची पडलेली वीज परत मिळण्यापूर्वीच पुन्हा उभी राहते. इंजिनात नेमून दिलेल्या 5डब्ल्यू-30 तेलाऐवजी कोणी जाड म्हणून 20डब्ल्यू-50 ओतले असेल, तरीही पहाटे इंजिन जड फिरेल. सेल्फचे कार्बन आणि बुश झिजण्याचा संशय या साऱ्यानंतर घ्यावा.

आता दुसरी बाजू पाहू. इंजिन झपाझप फिरते, पण पेटत नाही; आणि एकदा पेटले की दिवसभर विनातक्रार चालते. हा प्रकार शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की काय होते हे त्याने शंभरदा अनुभवले आहे: रात्रीतून सक्शन पाइपातले पाणी खाली उतरते, सकाळी पंप नुसता फिरतो आणि पाइप पुन्हा भरेपर्यंत पाटात थेंब येत नाही. पेट्रोलच्या टाकीतल्या पंपालाही असाच एक परतीचा मार्ग रोखणारा व्हॉल्व्ह असतो. तो गळू लागला की गाडी बंद केल्यावर नळीतला तीन-चार बार दाब हळूहळू उतरतो, आणि सकाळी तो पुन्हा चढेपर्यंत सेल्फ फिरत राहतो. याची परीक्षा विनामूल्य आहे. सेल्फ न मारता किल्ली केवळ ‘ऑन’वर न्यावी, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाचा घूं असा ध्वनी येऊन थांबला की किल्ली बंद करावी, असे तीन वेळा करावे आणि मग सेल्फ मारावा. गाडी ताबडतोब उठली, तर दाब रात्री उतरत होता हे सिद्ध झाले. काही फरक पडला नाही, तर दोष अन्यत्र आहे. दाब व्हॉल्व्हमधून न उतरता गळक्या इंजेक्टरातून उतरत असेल, तर उठताना पेट्रोलचा वास आणि काळसर धूर येतो, कारण तेवढे पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी साचलेले असते. दाबाचे प्रत्यक्ष मोजमाप मात्र गेज लावून फिटरनेच करावे. दाबाखालची पेट्रोलची नळी घरी सैल करणे जिवावर बेतू शकते.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांपैकी बहुतेक गाड्या सुरू होताना पेट्रोलच घेतात, आणि मालक मात्र टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतो. ते महिनोन्‌महिने पडून त्यातला लवकर उडणारा अंश, जो थंडीत पेट घेण्यास सर्वांत उपयोगी, तोच निघून जातो. अशा गाडीत आधी पाच-सात लिटर ताजे पेट्रोल घालून पाहावे.

थंड इंजिनाला अधिक इंधन लागते, कारण गार हवेत पेट्रोलची वाफ पुरेशी होत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली, तिच्यात ही तजवीज चोकच्या खुंटीने केलेली होती; चालक ती ओढून हवा कमी करी आणि गाडी तापली की आत ढकली. आजच्या गाडीत तोच निर्णय संगणक घेतो, पण त्याला हवेचा गारवा स्वतः जाणवत नाही. इंजिनातील पाण्यात बुडविलेला बोटाएवढा एक सेन्सर त्याला जे सांगेल ते तो प्रमाण मानतो. अनेक गाड्यांत या सेन्सरचा रोध वीस अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास असतो. त्याने बारा अंशांच्या पहाटे ‘साठ अंश’ असा जबाब दिला, तर संगणक गरम इंजिनापुरते बेताचे इंधन सोडील आणि इंजिन उपाशी फिरत राहील; उलट गरम इंजिन गार असल्याचे त्याने सांगितले, तर दुपारी चहासाठी थांबलेली गाडी अतिरिक्त पेट्रोलाने गुदमरून उठण्यास वेळ लावील. असा खोटा जबाब शक्यतेच्या मर्यादेत असला तर डॅशबोर्डावर चेक लाइट लागेलच असे नाही, म्हणून स्कॅनरने कोड नाही म्हटल्यावर थांबू नये. रात्रभर उभ्या गाडीवर, सेल्फ मारण्यापूर्वी, स्कॅनरवर पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी-शेजारी पाहावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतकेच असले पाहिजेत. या एका नजरेत जेवढे कळते तेवढे अर्ध्या दिवसाच्या खोलाखोलीत कळत नाही.

अलीकडे उशिरा उठणाऱ्या प्रत्येक गाडीचा दोष पेट्रोलातील इथेनॉलवर टाकण्याची प्रवृत्ती दिसते, आणि उसाच्या मुलखात तर हा विषय घरचाच आहे. 2025 साली देशात हे मिश्रण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉलचे बाष्प होण्यास पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते, त्यामुळे शुद्ध इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांसाठी ब्राझीलमध्ये केवळ थंडीत सुरू करण्यापुरती पेट्रोलची लहान टाकी निराळी बसवीत असत, हे खरे आहे. परंतु वीस टक्क्यांच्या मिश्रणात उरलेले ऐंशी टक्के पेट्रोल आपल्या सौम्य थंडीत पेट घेण्यास पुरते. इथेनॉलचा त्रास होतो तो आडवाटेने: ते हवेतील ओलावा ओढते, जुन्या टाकीतला मळ सुटा करते, आणि तो मळ फिल्टरात येऊन अडकतो, जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होऊ शकतात. तेव्हा जुन्या गाडीचा फिल्टर बदलून पाहिल्याखेरीज इंधनावर ठपका ठेवू नये, असे मला वाटते.

डिझेल गाडीची कथा अधिक रोचक आहे, आणि या गोदाकाठाला ती मोटारी येण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन 1897 साली जर्मनीत औग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि वीज येण्यापूर्वी विहिरीवर पाणी उपसणारे ऑइल इंजिन हे महाराष्ट्रातील बागायतीचे एक प्रमुख साधन बनले. ते सुरू करण्याची रीत जुन्या शेतकऱ्यांच्या हाडीमांसी खिळली होती: डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा, आणि वेग पुरेसा झाला की खटका सोडायचा. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. चाक हळू फिरले तर दाबलेल्या हवेची उष्णता गार सिलिंडराच्या भिंती पिऊन टाकतात आणि पेट घेतला जात नाही. म्हणून डिझेल गाडीत सुस्त सेल्फ हा पेट्रोल गाडीहून अधिक घातक ठरतो.

या उष्णतेला हातभार लावण्यासाठी प्रत्येक सिलिंडरात हीटर प्लग असतो. चारांपैकी एक जळाला तर थंडीत गाडी उठताना अडखळते, पांढरा धूर सोडते आणि मिनिटभराने सरळ चालू लागते. दोन-तीन जळाले तर सेल्फ लांबतो. प्लगची वायर काढून त्याच्या टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंत रोध मोजला असता चांगला प्लग एखाद्या ओहमाच्या आसपास दाखवितो, जळालेला काहीच दाखवीत नाही. पण हीटर प्लग चांगले असून दुपारी, गरम हवेतही, काही तास उभी राहिलेली गाडी उशिरा उठत असेल, तर नळीने एअर धरली आहे असा तर्क करावा. टाकीपासून फिल्टरापर्यंत डिझेल ओढले जात असते, ढकलले जात नसते. त्यामुळे नळीला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते, आणि खाली कोरडी जमीन पाहून मालक निश्चिंत राहतो. अशा वेळी फिटर फिल्टरजवळच्या नळीत वीतभर पारदर्शक पाइप जोडतो आणि सेल्फ मारायला सांगतो. त्या पाइपातून पिवळसर डिझेलबरोबर मोहरीएवढे बुडबुडे रांगेने सरकताना दिसले की दोष टाकीच्या बाजूस आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. मग तो पारदर्शक पाइप एकेका जोडापाशी मागे नेत ज्या जोडामागे बुडबुडे थांबतात तोच जोड बदलावयाचा.

कॉमनरेल गाड्यांत, म्हणजे ज्या डिझेल गाड्यांत सर्व इंजेक्टरांना ‘रेल’ या एकाच सामाईक नळीतून इंधन मिळते त्यांत, आणखी एक बाब आहे. रेलमध्ये सुमारे दोनशे ते तीनशे बार दाब चढल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. एखादा इंजेक्टर आतून झिजला की पंपाने चढविलेला दाब परतीच्या नळीवाटे टाकीत निघून जातो. चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन फिरविले असता, तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत निम्म्याहून अधिक डिझेल जमले, तर पंप निर्दोष असून एकच इंजेक्टर बदलण्याजोगा आहे हे उघड होते. ही परीक्षा न करता महागडा पंप बदलणाऱ्यांविषयी मला खरोखर खेद वाटतो.

थंड इंजिन नीट उठते आणि केवळ गरम असतानाच वेळ लावते, असे असेल तर क्रँकचे दातेरी चक्र वाचणाऱ्या क्रँक सेन्सरचा विचार करावा. उष्णतेने त्याच्या वेटोळ्यातला संदेश क्षीण होतो, आणि सेल्फ फिरत असता स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा शून्यच राहतो किंवा उशिरा उमटतो. कॅम सेन्सर गेला तर पुष्कळ गाड्या बंद पडत नाहीत, संगणक अंदाजाने पाळी ठरवितो आणि त्या अंदाजास सेकंद-दोन सेकंद लागतात. पेट्रोल गाडीचे झिजलेले स्पार्क प्लग आणि पावसाळ्यात ओल धरलेली कॉइल तपासण्यास सोपी, म्हणून ती लवकर पाहून घ्यावीत. कोणत्याही प्रकारात सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी विसावा द्यावा, नाहीतर मूळ दोषात जळालेल्या सेल्फची भर पडते.

फिटरकडे जाताना मालकाने जी कैफियत द्यावी, ती या सगळ्यावरून ठरते: गाडी किती वेळ उभी होती, हवा गार होती की गरम, इंजिन सुस्त फिरले की चपळ, धूर आला का आणि कोणत्या रंगाचा, टाकीत इंधन किती व केव्हाचे, तक्रार हळूहळू वाढली की एका दिवसात उद्भवली, आणि त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास लोक संकोचतात, पण फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेली तक्रार ही बहुधा नीट न बसलेल्या वॉशरची असते.

हे सारे निर्दोष निघाले तरच सिलिंडरातील दाबाकडे वळावे, कारण तो दोष खर्चाचा असतो आणि सहसा एकाएकी उद्भवत नाही. गाडी वर्षभर थोडे थोडे तेल पिऊ लागलेली असते. पेट्रोल इंजिनात सेल्फवर सुमारे दहा ते तेरा बार, डिझेल इंजिनात पंचवीस-तीसच्या आसपास दाब मिळाला पाहिजे, आणि चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. पेट्रोल इंजिनात एखाद्या सिलिंडराचा आकडा उणा निघाला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजतात. ऑइल इंजिनवर थंड सकाळी थोडे तेल आत सोडून मग हँडल मारणाऱ्या शेतकऱ्यांनाही हेच तत्त्व अवगत होते: तेल रिंगांच्या फटी काही क्षण बुजविते. तेल घातल्यावर दाब चढला तर रिंगा झिजलेल्या आहेत; चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुटले आहे, आणि तेव्हा हेड उतरविण्यापूर्वी व्हॉल्व्हची फट तेवढी एकदा फीलर गेजने मोजून घ्यावी, कारण ती कमी झाली असेल तर अनेक गाड्यांत ती पूर्ववत करण्याचे काम हेड न उतरविताही होते.